तांडा, पडाव आणि फटफटी : यवतमाळच्या उन्हाळी वाटा

यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जो कोरडा, भाजणारा वारा सुटतो, त्याचे मूळ शेकडो कोस दूर, राजस्थानच्या वाळवंटात आहे. उन्हाळ्यात वायव्य भारत तापतो, तिथली कोरडी हवा माळवा आणि खानदेश ओलांडून विदर्भात शिरते आणि समुद्र दोन्ही बाजूंनी दूर असल्यामुळे तिला वाटेत ओलावा मिळत नाही. सकाळी जमिनीलगतची हवा निवांत असते. ऊन चढले की काळी जमीन तापते, तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी वरच्या थरातली वेगवान हवा खाली उतरते. म्हणून दहा-अकराच्या सुमारास सुरू झालेला वारा दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जोरात असतो आणि दिवेलागणीला पडतो. पारा ४४-४५ अंशांवर गेलेल्या दुपारी भेगाळलेल्या रानातून वावटळी उठतात आणि उघड्या माळावर झळा तोंडावर येतात. या मुलुखात प्रवास कधी करायचा, किती करायचा आणि कुठे थांबायचे, हे शतकानुशतके या वाऱ्यानेच ठरवले. लमाणांचा बैलांचा तांडा, कापसाच्या बंड्या, साहेबांचे तंबू आणि आजची मोटारसायकल या सगळ्यांच्या इतिहासात तोच एक धागा सलग दिसतो.

जिल्ह्याची ठेवणही या वाऱ्याला साथ देणारी आहे. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि मधोमध अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत गेलेले डोंगर-पठार. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. उंचीमुळे इथली रात्र वर्ध्याच्या सखल भागापेक्षा जरा सुसह्य होते, पण उघड्या पठारावर दुपारच्या वाऱ्याला आडोसा राहत नाही. अरुणावती, अडाण, पूस, बेंबळा या नद्यांच्या खोऱ्यांतून वाटा चढतात आणि पुन्हा माळावर येतात. उन्हाळ्यात यांतल्या बहुतेक नद्यांच्या पात्रात डोहांपुरतेच पाणी उरते. वाटसरूला रस्ता शोधावा लागत नसे, पाणी शोधावे लागे. जुन्या वाटा नकाशावर वाकड्यातिकड्या दिसतात, कारण त्या डोहाकडून डोहाकडे आणि विहिरीकडून विहिरीकडे गेल्या आहेत.

या वाटांवरचे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे प्रवासी म्हणजे बंजारा, म्हणजेच वऱ्हाडात ज्यांना लमाण म्हणतात ते लोक. त्यांची परंपरा स्वतःचे मूळ राजस्थानात, मारवाडच्या बाजूला सांगते. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ वाहून नेण्याच्या त्यांच्या व्यवसायाला लदेणी म्हणत. रेल्वे आणि पक्के रस्ते नसलेल्या काळात देशाच्या पोटातली जड मालाची वाहतूक मुख्यतः याच लदेणीवर चाले. १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. हे तांडे दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला की तो पुढे सरकेपर्यंत वाटसरूंना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे.

दिवसाला सहा-सात मैल ही चाल ऐकायला फार संथ वाटते. पण तिच्यात या धंद्याचे सगळे गणित होते. बैलाला विकतचा चारा घालून माल नेला असता तर वाहतूक कोणालाच परवडली नसती. तांड्याचे बैल वाटेवरच्या गवतावर फुकट चरत आणि चरायला त्यांना दिवसाचा मोठा भाग मोकळा लागे. म्हणून पहाटे अंधारात गोणी लादायच्या, ऊन चढण्याआधी मजल पुरी करायची, पाण्याजवळ माल उतरवायचा आणि बैल रानात सोडायचे. वारा सुटेपर्यंत तांडा सावलीत पोचलेला असे. तांडा सावकाश चाले तो आळसामुळे नव्हे. बैलाचे पोट, पाण्याची जागा आणि दुपारची झळ या तिन्हींचा मेळ घालून ती चाल बसवलेली होती.

पडाव टाकण्याचीही रीत होती. उतरवलेल्या गोणी एकावर एक रचून त्यांची भिंत उभी करत. तिच्या आत माणसे आणि सामान राही. भिंतीवर कापड ताणले की राहुटी तयार होई. गोणींची ही भिंत चोरापासून राखण करी, श्वापदाला अडवी आणि उन्हाळ्यात वाऱ्याच्या बाजूला आडोसा देई. तांड्याची कुत्री राखणदारीसाठी प्रसिद्ध होती. तांड्याचा प्रमुख नाईक, त्याच्या हाताखाली कारभारी आणि भांडणतंटा मिटवायला नसाब ही पंचायत, अशी चालतीबोलती व्यवस्था प्रत्येक मुक्कामावर उभी राही. रस्ता कोणता धरायचा, माल कुठे विकायचा, कोणत्या डोहावर उतरायचे हे नाईक ठरवी. बालाजीला वाहिलेला एक बैल तांड्याच्या पुढे चाले. त्याच्यावर ओझे लादत नसत, त्याला लाल रेशमी झालरी आणि घुंगरे बांधत. तो जिथे बसेल तिथे पडाव टाकायचा, अशी श्रद्धा होती. या श्रद्धेत शहाणपणही होते, असे म्हणायला जागा आहे. न लादलेला आणि न दमलेला बैल सहसा सावली आणि ओलावा पाहूनच बसतो.

लदेणी बारमाही नव्हती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि लादलेला बैल त्यात रुततो. त्यामुळे चार महिने तांडा चांगल्या कुरणाजवळ मुक्काम करी आणि दसऱ्यानंतर निघे. परतीचा काळ उन्हाळ्याच्या तोंडाशी येई. वऱ्हाडातल्या लमाणांना झळा चुकवता येत नव्हत्या, त्या सोसण्याची शिस्त मात्र त्यांनी बसवली होती. वाटेवर विहिरी आणि तळी खोदण्याचे श्रेयही परंपरेने त्यांना दिले जाते. मध्य प्रदेशातल्या सागरच्या तलावाशी लाखा बंजाऱ्याचे नाव आजही जोडले जाते.

सैन्यांना तर या लोकांवाचून हलता येत नसे. लमाणांच्या परंपरेत भंगी आणि जंगी या दोन राठोड नायकांची कथा सांगतात. शहाजहानच्या काळात, १६३० च्या सुमारास, आसफखानाच्या दक्षिणेतल्या स्वारीबरोबर ते १,८०,००० बैल घेऊन आले, असे ही परंपरा सांगते. फौजेच्या घोड्यांची आणि तांड्याच्या बैलांची चाऱ्या-पाण्यावरून भांडणे होऊ लागली, तेव्हा त्यांना सोनेरी अक्षरांचा ताम्रपट मिळाला. रांजणातले पाणी आणि छपरावरचे गवत घेण्याचा हक्क त्यात होता आणि दिवसाला तीन खून माफ होते. ही कथा वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांनी एकोणिसाव्या शतकात लमाणांवर लिहिलेल्या पुस्तिकेत नोंदवली. बैलांचा आकडा वाढवून सांगितलेला असू शकतो. पण सनदेत मागितलेल्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. जमीन नको, पदवी नको, पाणी आणि गवत हवे. दख्खनच्या उन्हाळ्यात हजारो बैल घेऊन चालणाऱ्या माणसाने मागावे ते नेमके हेच. १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगडच्या लढायांच्या वेळी वेलस्लीच्या इंग्रज फौजेचा धान्यपुरवठाही बंजाऱ्यांच्याच बैलांवर होता.

उन्हाळी पडावाचा दुसरा, हरणाऱ्या बाजूचा इतिहास याच जिल्ह्यात १८१८ मध्ये घडला. इंग्रजांपुढे माघार घेत असलेला दुसरा बाजीराव पेशवा नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या हाकेवर चंद्रपूरच्या रोखाने निघाला. वर्धा नदीच्या बाजूला वाट अडवलेली होती. पांढरकवड्याजवळ शिवणी येथे १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठले आणि त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली. पुढे ३ जूनला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. ज्या महिन्यात शहाणा नाईक लांबची मजल टाळतो, त्या महिन्यात एक अख्खी छावणी, हत्ती-घोडे, बाजारबुणगे आणि खजिना घेऊन पाठलागापुढे धावत होती. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत शिवणीला एखाद-दुसरे वाक्य मिळते. पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतला हा प्रसंग यवतमाळच्या मातीत घडला, हे जिल्ह्यातल्या शाळेत तरी सविस्तर शिकवले जायला हवे.

राज्ये बदलली तरी लदेणी चालू राहिली, फक्त माल बदलला. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात बैलांच्या पाठीवर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. ही वाट पाचशे मैलांची होती. १८२५-२६ मध्ये विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मुंबईला पाठवला. त्या मालाला ५०० बैल लागले आणि त्याचे वजन १,२०,००० पौंड होते. म्हणजे एका बैलावर सुमारे २४० पौंड, आजच्या मापाने १०९ किलो. कापूस हलका आणि फुगीर असतो. वाऱ्यात त्याची गोण बैलाला एका अंगाला ओढते, पावसात भिजली तर जड होते, वाटेत फाटली तर धूळ आत जाते. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी कापूस मळका येतो अशी ओरड होई. इतक्या लांबच्या धुळीच्या वाटेचाही तिच्यात वाटा होता.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून वेगळा झाला, मग वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून त्याला यवतमाळ जिल्ह्याचे आजचे रूप आले. दरम्यान अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, वऱ्हाडी कापसाला विलायतेत अफाट मागणी आली. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग बडनेरा, धामणगाव, वर्धा करीत नागपूरला पोचला. यवतमाळचा कापूस मिर्झापूरला पाठवण्याचे आता काही कारण उरले नाही. तो बंड्यांत भरून पन्नासेक किलोमीटरवरच्या धामणगावला नेला की काम झाले. बंडीला पक्की सडक लागते, सडक झाली की बंडी एका जोडीवर चार-पाच बैलांचा माल ओढते. तांड्याची चाल या स्पर्धेत टिकणे शक्य नव्हते.

रेल्वेने लदेणी मारली, असे एका वाक्यात सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. मिठावरच्या सरकारी करांनी आणि नियंत्रणाने लमाणांचा मिठाचा व्यापार आधीच आवळला होता. त्याहून मोठा घाव जंगलाच्या कायद्यांनी घातला. राखीव जंगले आखली गेली, चराईवर फी बसली आणि ज्या फुकट गवतावर तांड्याचे सगळे अर्थशास्त्र उभे होते ते गवतच बंद झाले. कापूस वाढला तशी पडीक राने नांगराखाली गेली आणि पडावाच्या जागा शेते बनल्या. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. फिरता माणूस तो संशयित, अशी नजर या कायद्याने सरकारी यंत्रणेला दिली आणि अनेक ठिकाणी लमाणही त्या नजरेखाली आले. शतकानुशतके फौजांना आणि बाजारांना धान्य पुरवलेल्या लोकांवर हा उघड अन्याय होता. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

पडाव हळूहळू गावे झाली. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेड, आर्णी या भागांत आज जे शेकडो तांडे दिसतात, त्यांतले कित्येक जुन्या मुक्कामाच्या जागांवर किंवा त्यांच्या आसपास वसलेले आहेत. त्यांची जागा पाहिली तरी हे लक्षात येते. मूळ गाव नदीच्या थडीला काळ्या जमिनीत, तर तांडा थोडा दूर, माळावर, चराईच्या कडेला, नाल्याच्या उगमाजवळ. पुसद तालुक्यातले गहुली हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तिथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. ते १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईकही याच गावचे आणि १९९१ ते १९९३ मध्ये मुख्यमंत्री झाले. तांड्याच्या नायकाचे पद त्यांच्या घराण्याचे आडनाव होऊन राज्याच्या राजकारणात आले. मात्र बहुसंख्य तांडे दीर्घकाळ महसुली गावाच्या दप्तरात नुसती वस्ती म्हणूनच राहिले. रस्ता, नळ आणि शाळा त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी पोचली.

लमाणांचे पडाव कमी होत होते त्याच काळात जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारची छावणी फिरू लागली, ती साहेबाची. डेप्युटी कमिशनर, तहसीलदार, जंगल खात्याचा अधिकारी हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. आमराईत राहुट्या लागत, तिथेच फिर्यादी ऐकल्या जात आणि पिकाची पाहणी होई. होळीच्या आसपास हे तंबू गुंडाळले जात. उन्हाळ्याचा वारा साहेबाला सोसायचा नव्हता. गावकऱ्याला, बंडीवाल्याला आणि डाक नेणाऱ्या हलकाऱ्याला असा पर्याय नव्हता.

जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे मिळाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या मध्य प्रांत रेल्वे कंपनीची ही अरुंद मापाची गाडी मूर्तिजापूरहून दारव्हामार्गे ११३ किलोमीटर चालून यवतमाळला येई. रूळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. तिला लोकांनी पुढे शकुंतला हे नाव दिले. कापूस मूर्तिजापूरला न्यावा, तिथून मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला, यासाठीच ती टाकली होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते, त्यानंतर डिझेल इंजिन आले. शकुंतलाही तांड्यासारखीच सावकाश चाले. माणसे वाटेत उतरून पुन्हा चढत, असे तिच्याबद्दल प्रेमाने सांगितले जाते. तरीही डब्याच्या छपराखाली बसून माळ ओलांडण्याची सोय सामान्य माणसाला पहिल्यांदा तिनेच दिली. आता तीही थांबली आहे. तिच्या जागी वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रुंद मापाचा मार्ग होतो आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला.

मोटारसायकल या मुलुखात उशिरा आणि हळूहळू आली. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जोडणी सुरू झाली, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा बनू लागली आणि त्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली. खेड्यापाड्यांत जो आवाज फटफटी या नावाने ओळखला गेला, तो या गाड्यांचा. सुरुवातीला ती पाटलाच्या, ठेकेदाराच्या नाहीतर अडत्याच्या घरी दिसे. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी लुना आणली, नंतर बजाजची एम-८० दुधाच्या कॅनांसकट गल्लोगल्ली फिरली. बजाज घराण्याचे मूळ ठिकाण वर्धा, म्हणजे यवतमाळच्या नदीपलीकडचेच. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी-१०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. थोड्या पेट्रोलवर खूप अंतर कापणाऱ्या या गाड्यांनी तांड्यापासून तालुक्यापर्यंतचे अंतर खरोखर मोडून काढले. एसटी जिथे दिवसातून एकदा जाई किंवा जातच नसे, तिथला शेतकरी, मास्तर, आशा कार्यकर्ती आणि फेरीवाला आता आपल्या वेळेने निघू लागला.

पण मोटारसायकलने एक जुनी गोष्ट परत आणली. रेल्वेच्या आणि बसच्या प्रवासात माणूस पेटीत बसलेला असतो. दुचाकीवर तो पुन्हा उघड्या वाऱ्यात असतो, आणि वेगामुळे तो वारा तांड्यातल्या माणसाला लागे त्याहून कितीतरी जोरात लागतो. वाऱ्याने गार वाटते हा अनुभव हवा कातडीपेक्षा थंड असेपर्यंतच खरा. माणसाच्या कातडीचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा ४५ अंशांची झाली की वाहता वारा शरीरात उष्णता घालतो. घाम मात्र कोरड्या हवेत क्षणात उडतो, अंग ओले न दिसताच पाणी कमी होत जाते आणि चालवणाऱ्याला ते उशिरा कळते. म्हणून या भागात मे महिन्यात दुचाकीवरचा माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि हेल्मेटच्या आत डोके-तोंड दुपट्ट्याने किंवा रुमालाने गुंडाळतो. कापड ओले करून बांधले तर थोडा वेळ त्यातून येणारी हवा निवते. खिशात कांदा ठेवण्याची रीतही अजून आहे. तिचा उपयोग असो वा नसो, झाकलेल्या अंगाचा, पाण्याच्या बाटलीचा आणि कैरीच्या पन्ह्याचा उपयोग निश्चित आहे.

दुसरा धोका ढकलण्याचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. कडेने येणाऱ्या वाऱ्यात चालवणारा नकळत गाडी वाऱ्याच्या बाजूला झुकवून चालतो. समोरून किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की क्षणभर वाऱ्याला आडोसा मिळतो, झुकलेली गाडी त्या बाजूला जाते आणि ट्रक सरकताच वारा पुन्हा धक्का देतो. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवडा ते पाटणबोरी या भागात मालट्रकांची रांग संपत नाही, तिथे हे सतत घडते. मागे पोत्यांचे किंवा गाठोड्यांचे उंच ओझे बांधले असेल तर वाऱ्याला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि गाडी सांभाळणे आणखी कठीण जाते. कापसाची फुगीर गोण लादलेल्या बैलाचीही अडचण हीच होती. यावर अनुभवी माणसाचा उपाय साधा आहे. वेग कमी, ओझे खाली आणि बांधलेले, हातांची पकड सैल पण सावध आणि ट्रकपासून अंतर. वावटळ रस्ता ओलांडताना दिसली तर बाजूला थांबणे.

जुन्या पडावाशी सर्वांत जवळचा प्रवास आजही चैत्रात होतो. यवतमाळच्या सीमेला लागून वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांचे हे तीर्थस्थान. रामनवमीला तिथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. पूर्वी दिग्रस, पुसद, दारव्ह्याकडचे तांडे बंड्या जुंपून, स्वयंपाकाचे सामान घेऊन जात आणि शेतांत, झाडांखाली उतरत. आता बंडीच्या जागी ट्रॅक्टर, टेम्पो आणि मोठ्या संख्येने मोटारसायकली असतात. निघण्याची वेळ मात्र बदललेली नाही. पहाटे निघायचे, ऊन तापायच्या आत पोचायचे, दुपार मांडवात किंवा झाडाखाली काढायची आणि परतायचे ते वारा पडल्यावर. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. लदेणीची साधने, गोणी, दागिने आणि वेशभूषा जपण्यासाठी अशी जागा हवीच होती.

लदेणीचे जुने वेळापत्रक आणखी एका, कमी आनंदाच्या ठिकाणी शिल्लक आहे. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांतली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या मुलुखात जातात, कोप्या बांधून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निघण्याचा आणि परतण्याचा महिना तोच, पण तेव्हा माल आणि बैल त्यांचे होते, आता उचल मुकादमाची असते. मधल्या दीडशे वर्षांत लमाणांनी काय गमावले याचे याहून स्पष्ट माप दुसरे नाही.

नागपूर-वर्धा-यवतमाळ-नांदेड हा महामार्ग आता रुंद आणि गुळगुळीत आहे, नागपूर-हैदराबाद मार्ग चौपदरी आहे. यवतमाळहून उमरखेडला जाणारा दुचाकीस्वार जे अंतर अर्ध्या दिवसात कापतो, त्याला तांड्याला आठ-दहा मजली लागल्या असत्या. पण रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी कडूनिंबाची आणि चिंचेची झाडे गेली. बंडीच्या काळात गावकीने चालवलेल्या कित्येक पाणपोया आणि रांजणही गेले. दुचाकी ही या जिल्ह्यातल्या सामान्य माणसाची गाडी आहे आणि तीच चालवणारा मे महिन्याच्या दुपारी सर्वांत उघडा असतो. महामार्गाच्या आराखड्यात ट्रकतळाला जागा असते, तशीच दर काही किलोमीटरवर दाट सावलीच्या झाडांना, झाकलेल्या शेडला आणि पिण्याच्या पाण्याला जागा असलीच पाहिजे. लावलेली झाडे जगवण्याची जबाबदारी ठेकेदारावर आणि ग्रामपंचायतीवर नावानिशी टाकली पाहिजे. तांड्यांतली म्हातारी माणसे अजून जुन्या पडावाच्या विहिरी आणि डोह दाखवू शकतात. सावलीच्या आणि पाण्याच्या जागा ठरवताना त्यांना बरोबर घ्यावे आणि हे काम पुढच्या उन्हाळ्याच्या आत सुरू व्हावे.